बाबांचं ‘छान’

माझे वडील माझ्या घरी जेवायला बसले आणि पहिला घास घेऊन ‘छान’ म्हणाले, की माझं डोकं फिरायचं. आषाढात ते बहरीनला आले, तेव्हापासून ते रोज दोन वेळा फिरत होतं.

हे वाचून कुणाला मी कृतघ्न वाटले तर वाटू दे. त्यांनी माझ्या वडिलांना सांगलीच्या घरात जेवताना पाहिलेलं नाही. तिथे बाबा ताटावर बसायचे तेच मुळी चुका काढायला. “वरणात हिंग नाही.” आई म्हणायची, “आहे.” “मग लागत का नाही?” कोशिंबिरीत दाण्याचं कूट जास्त झालंय, भाकरी एका बाजूने कच्ची आहे, वांग्याच्या पोटात मसाला पोचलेलाच नाही. आई दोन-तीन वाक्यं ऐकून घ्यायची आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं, “मग स्वतः करा!” बाबांना चहासुद्धा करता यायचा नाही. ते मान खाली घालून ताट पुसून स्वच्छ करायचे, आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी लोक असेच जेवतात. लग्न झाल्यावर कळलं की नवरे मुकाट्यानेही जेवू शकतात. माझा नवरा पहिल्या दिवशी एक अक्षर न बोलता जेवून उठला, तेव्हा मला वाटलं होतं, हा रागावलाय.

आई गेली आणि बाबा एकटे राहिले. मी त्यांची एकुलती एक, आणि मी समुद्रापलीकडे. सकाळी एक बाई येऊन दोन्ही वेळचं करून जायच्या. फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, “छान करतात.” मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मग एक दिवस बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं, तोपर्यंत ते तसेच ओल्या फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही हे नशीब. मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबांना फोन केला तर म्हणतात, “काही नाही गं, सगळं छान आहे.”

मी सरळ व्हिजिट व्हिसा काढला आणि त्यांना सनाबिसला आमच्या घरी घेऊन आले. माझा नवरा सित्र्याला इंजिनिअर आहे, मी जवळच सीफमध्ये एका ऑफिसात अर्धा दिवस जाते, मुलगी शाळेत. घरात एक खोली रिकामी. बाबांनी इथेच राहावं, त्यांचा रीतसर रेसिडेन्स व्हिसा करावा, सांगलीची जागा भाड्याने द्यावी, असं आम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. फक्त बाबांनी हो म्हणायचं बाकी होतं. बाबा म्हणाले, “बघू.” आमच्या घराण्यात ‘बघू’ म्हणजे नाही. वर त्यांनी परतीचं तिकीटही मनाशी ठरवून टाकलं होतं. “दसरा झाला की निघतो. दिवाळीत घराला कुलूप नको. दारात एक पणती तरी लागायला हवी.”

म्हणजे पणती लावायला माणूस जाणार, त्याच ओल्या फरशीवर चालत. मी काय बोलणार?

आणि बोलायला जागा तरी कुठे होती? त्यांना बहरीनमध्ये काही खटकतच नव्हतं. बाहेर आग ओकणारं ऊन, दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि बाबा म्हणतात, “छान आहे. हाडं शेकून निघतात.” एसीची घरघर छान. समोरच्या मॉलचे रात्रभर जळणारे दिवे छान. नातीचं इंग्रजी छान, त्यातलं त्यांना निम्मंही कळत नसताना. आणि माझा स्वयंपाक तर सगळ्यांत छान.

नवऱ्याला माझा त्रास कळेना. “अगं, लोकांच्या बायका कौतुकाचा एक शब्द ऐकायला तरसतात,” तो म्हणाला.

“हे कौतुक नाहीये.”

“मग काय आहे?”

“लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणतात ना, तसं आहे. छान, छान, पुरे. हात धुवायचे आणि आपल्या घरी जायचं.”

त्याने मान हलवली. त्याला कळलं नव्हतं, पण मला पक्कं कळलं होतं. ज्या माणसाला तुमच्या आमटीत खोट काढायची नाही, त्याला तुमच्या घरी राहायचं नाही.

मग मी इरेला पेटले. एवढं चांगलं करायचं, की त्यांना जायची इच्छाच होऊ नये. पहाटे उठून मी दोन भाज्या करायची, त्यातली एक रस्सा आणि एक कोरडी. ताजी कोशिंबीर. पोळ्या दोन्ही वेळा ताज्या. गवार कोवळी मिळाली नाही तर मनामापर्यंत जाऊन दुसऱ्या दुकानातून आणायची. एरवी कपाटात राहणारी चिनी मातीची ताटं मी बाबांसाठी बाहेर काढली. त्यांना वाढून झालं, की मी ओट्याशी उभी राहून आदल्या दिवशीचं जे उरलं असेल ते पोटात ढकलायची आणि ऑफिसला पळायची. आणि संध्याकाळी बाबा ताटावर बसून, पहिला घास घेऊन... जाऊ दे.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी म्हणायची, “खलास! तू थकून मरणार एक दिवस.” ती खोटं बोलत नव्हती.

त्यात शुक्रवार. इथे शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला बाहेर जेवायला जायचं हे आमच्या कंपूत संध्या करावी इतक्या नेमाने चालतं. कंपूत तीन घरं. एक आम्ही. दुसरं पुण्याचं जोडपं. तो बँकेत आहे आणि हॉटेलात आलेला पदार्थ परत पाठवणं हा त्याचा छंद आहे. त्याची बायको चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, पण पिझ्झ्याच्या सॉसमधला लसूण तिच्या चातुर्मासाला चालतो. तिसरे रत्नागिरीचे, त्यांचं नळ-फरश्यांचं दुकान आहे. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांना आम्ही भाई म्हणतो आणि त्यांच्या बायकोला भाभी. भाईंना मासे लागतात. कुठलाही मासा आला तरी ते म्हणणार, “आमच्या रत्नांग्रीला याला मांजर हुंगणार नाही.”

गुरुवारी दुपारपासून व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं. कुठे जायचं? कुठेही चालेल. अरबी? नको, मागच्या वेळी पोट बिघडलं. चायनीज? चातुर्मास. साऊथ इंडियन? ते काय नाश्त्याला घरीच होतं. झल्लाकला समुद्रावर जाऊ या का? एवढ्या लांब? या उकाड्यात? संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर मेसेज पडतात, आणि शेवटी आम्ही दर शुक्रवारी जिथे जातो त्याच अदलियातल्या हॉटेलात, त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसतो. ‘कुठेही चालेल’ म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या दहा ठिकाणी चालणार नसतं, हे मी बहरीनमध्ये शिकले.

मी निघण्याआधी घरी बाबांचा पूर्ण स्वयंपाक करून जायची. कारण बाबा येणार, बसणार, मेनू कार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपरासारखं वाचणार, चष्मा काढून ठेवणार आणि म्हणणार, “मला काही मागवू नका. तुमच्यातलंच चमचाभर घेईन.” बाहेर चमचाभर, म्हणून घरी जेवण. मग घरी जेवल्यामुळे बाहेर चमचाभर. यातून वाट कशी काढायची ते मला कुणी सांगेल तर मी त्याचे पाय धरीन.

एका शुक्रवारी पुणेकराने डाळ परत पाठवायला काढली. केरळचा वेटर बिचारा हसून म्हणाला, “सर, लास्ट वीक भी आपने यही बोला था.”

“लास्ट वीक भी ऐसीच थी!” पुणेकर म्हणाला. “पाणी आहे हे. फोडणी दिली का नुसती दाखवली? बाबा, तुम्ही सांगा.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डाळीचा चमचा तोंडात घेतला होता. मी त्यांच्या शेजारीच होते, मला नीट दिसलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले. जिभेच्या टोकावर काहीतरी आलंच होतं. जळक्या जिऱ्याबद्दल असणार, कारण जिरं खरंच जळलं होतं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी घास गिळला.

“छान आहे की,” बाबा म्हणाले.

म्हणजे जीभ शाबूत होती. वयाने चव गेली असावी अशी मी स्वतःची समजूत घालायला लागले होते, तीही त्या दिवशी संपली. त्यांना सगळं कळत होतं. ते बोलत नव्हते.

उरलेलं सगळं आम्ही बांधून घेतो. भाभी त्यात पटाईत आहेत, कुठल्या डब्यात काय हे त्या वेटरला हुकूम सोडल्यासारखं सांगतात. माझ्या वाट्याचे डबे फ्रीजमध्ये जायचे आणि पुढचे दोन दिवस ओट्याशी उभं राहून मीच ते संपवायची. बाबांना अर्थातच ताजं.

गणपतीत या सगळ्याचा कळस झाला.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्या वर्षी चतुर्थी सुट्टीला लागून आली, म्हणून तिन्ही घरं जेवायला आमच्याकडे. पहाटेपासून मी स्वयंपाकघरात. नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणजे देवाला दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. आईचा हात असा होता की मूठ उघडली की मीठ बरोबर तेवढंच पडायचं. माझा हात तसा नाही, मी रोज पळीने दोन थेंब तळहातावर घेऊन चाखणारी. त्या दिवशी आमटीत मीठ घातलं आणि मोदकांची उकड मळायला बसले. तेवढ्यात दूध आणायला गेलेला नवरा परत आला. आमटी उकळतेय, मी पाठमोरी, हात उकडीत. त्याला वाटलं, बायको आज चाखून बघत नाहीये म्हणजे मीठ विसरणारच. आपण मदत करावी. त्याने मदत केली. मला सांगितलंसुद्धा नाही, कारण मी मोदकाच्या पाऱ्या करताना माझ्याशी बोलायचं नाही असा मीच नियम केलाय.

आरती झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली. गणपतीने तक्रार केली नाही. मी सगळ्यांना आमटी वाढली. डाळ परत पाठवणारा पुणेकर आमटीच्या वाटीकडे बघत बसला, मग त्याने मुकाट्याने भात मागून घेतला, मग आणखी भात. भाभी म्हणाल्या, “मोदक काय सुंदर झालेत हो!” भाई पाणी पीत होते. ज्या लोकांनी अदलियातल्या आचाऱ्याचा जीव नकोसा केलाय, ते सगळे माझ्या घरात साधुसंत होऊन बसले होते. मला काही कळेना. मी अजून जेवले नव्हते.

शेवटी माझ्या मुलीने सांगितलं. “आई! इट्स सो सॉल्टी! आय कान्ट ईट धिस!”

मी पळीतली आमटी चाखली. समुद्र बरा. नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहिल्यावर चौकशीची गरज उरली नाही.

आणि तेवढ्यात बाबांनी वाटी उचलली, शेवटपर्यंत प्यायली, खाली ठेवली आणि म्हणाले, “छान झाली आहे. अजून थोडी वाढ.”

पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. दुपारी ते गेल्यावर बाबा सोफ्यावर पंचांग चाळत होते, तिथे जाऊन उभी राहिले.

“बाबा, आमटी खारट होती.”

“असू दे गं. एखाद वेळी होतं.”

“एखाद वेळी नाही. परवा भरल्या वांग्यांना तेल सुटलं नव्हतं. त्याआधी पोळ्या वातड होत्या. तुम्हाला कळतं. तुम्हाला सगळं कळतं! आईला चाळीस वर्षं धारेवर धरलंत, मला एक शब्द नाही. का?”

बाबांनी पंचांग मिटलं. “लेकीच्या घरी आलेल्या माणसाने जेवणाला नावं ठेवू नयेत,” ते म्हणाले. “वाढलं ते गोड मानून घ्यावं.”

“आलेला माणूस? तुम्ही आलेला माणूस आहात?”

“मग कोण आहे?”

हे ते टोमणा म्हणून बोलले असते तर मी भांडले असते. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. मी आत जाऊन ती आमटी सिंकमध्ये ओतली आणि पातेलं गरजेपेक्षा जास्त जोरात घासलं. बाहेर बाबा माझ्या नवऱ्याला म्हणत होते, “जावईबापू, तेवढं तिकिटाचं पक्कं करून टाका. दसऱ्यानंतरचं.”

नवऱ्याने दोन आठवडे टाळाटाळ केली. एजंट भेटत नाही, साइट उघडत नाही, दर उतरणार आहेत, इंशाल्ला पुढच्या आठवड्यात बघू. बाबांनी तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसून तिकीट काढायला लावलं. दसऱ्यानंतरचा बुधवार.

दसरा आला आणि गेला. बुधवारच्या आधीच्या शुक्रवारी कंपूने बाबांना निरोपाचं जेवण द्यायचं ठरवलं. भाई म्हणाले, या वेळी झल्लाकच, समुद्र बघत जेवू, बाबांना आठवण राहील. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग चातुर्मास, मग गाडीतल्या जागा, मग कुणाच्या तरी मुलाचा क्लास. बाबांचं निरोपाचं जेवण अदलियात, कोपऱ्यातल्या टेबलावर झालं. मी घरून निघण्याआधी त्यांच्यासाठी पोळ्या, भाजी, वरणभात सगळं केलं होतं. त्यांनी त्यातलंही निम्मंच खाल्लं.

“बाबा, बहरीनचं सगळ्यांत जास्त काय आवडलं?” भाभींनी विचारलं.

“सगळंच छान.”

मी हात धुवायला म्हणून उठले आणि नळ सोडून आरशासमोर उभी राहिले. रडले, हेही सांगून टाकते. मला तो माणूस घरात हवा होता. तो हिंगावरून भांडणारा, भाकरी उलटून पालटून बघणारा. माझ्या घरात जो राहत होता, तो कुणी दुसराच सभ्य गृहस्थ होता, आणि तो बुधवारी सांगलीच्या ओल्या फरशीवर परत जाणार होता.

शनिवारी सकाळी मी ठरवलं, आज स्वयंपाक नाही. खलास. अंगात त्राण नव्हतं आणि मनात तर मुळीच नव्हतं. फ्रीजमध्ये हॉटेलचे डबे होते, डब्यात कालच्या पोळ्या होत्या. बाबांसाठी थोड्या वेळाने काहीतरी ताजं करू, असं म्हणून मी स्वतःपुरती फोडणीची पोळी करायला घेतली. पोळ्या कुस्करल्या, कांदा कसाबसा चिरला, तेल नीट तापायच्या आधीच मोहरी टाकली, दाणे टाकले, मिरची, हळद, सगळं एकावर एक. मन लागत नसताना बाई जशी करते तशी.

वासाने बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले.

“काय करतेस?”

“माझ्यासाठी आहे. तुमचं करते नंतर.”

“यातलंच दे की.”

“शिळी आहे बाबा ती. तुम्हाला ताजं करते.”

“तू खातेस ना?”

“मी खाते.”

“रोज खातेस,” बाबा म्हणाले. “मी बघतो. इथे उभी राहून हॉटेलचं शिळं खातेस आणि मला चिनी मातीच्या ताटात ताजं वाढतेस. घरच्या माणसाला कुणी असं वाढतं का?”

माझा संयम सकाळपासून नव्हताच, जो काही तळाशी उरला असेल तोही गेला. “पाहुण्याला शिळं वाढत नाहीत, हे आईनेच शिकवलंय मला!”

“तेच तर म्हणतोय मी,” बाबा म्हणाले.

मी स्टीलची एक ताटली घेतली, घरात सगळ्यांत जुनी, कडेला पोचा आलेली. त्यात कढईतली पोळी घातली आणि ओट्यावर आपटली. “घ्या!”

बाबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं, ओट्याशीच बसले. पहिला घास घेतला. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. आता तो शब्द येणार आणि मी कढई फेकणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

“मीठ कमी आहे,” बाबा म्हणाले.

मी वळले नाही.

“मोहरी तडतडलीच नाही. कडू लागते अशाने. दाणे आधी तळून बाजूला काढायचे असतात, हे मऊ पडलेत. आणि कांदा? कांदा असा चिरतात? जनावराला घालायचाय का?” ते थांबले, आणखी एक घास घेतला, चावला. “साखर तर घातलेलीच नाहीस. चिमूटभर साखर लागते याला. तुला एवढ्या वर्षांत...”

“मग स्वतः करा!” मी ओरडले.

ते वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते बाहेर पडलं आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. मग बाबांनी मान खाली घातली आणि खायला लागले.

आतल्या खोलीतून माझी मुलगी धावत आली. “आजोबा, व्हाय इज आई शाउटिंग?”

“काही नाही गं,” बाबा म्हणाले. “जेवतोय.”

ती दोघांकडे आळीपाळीने बघून परत गेली. बाबांनी ताटली बोटाने पुसून घेतली, हळद लागलेली कडसुद्धा. मी कांद्याचा हात पदराला पुसत होते, आणि पदर नव्हताच, टी-शर्ट होता.

“ते एक राहिलंच,” बाबा म्हणाले. “मागे तू पार्सलने चकल्या पाठवल्या होत्यास सांगलीला.”

“छान होत्या म्हणाला होतात.”

“मऊ होत्या. भाजणी कच्ची होती, दुसरं काय. या दिवाळीला मी समोर बसून भाजून घेतो तुझ्याकडून. तांदूळ निराळे, डाळी निराळ्या. घाई करायची नाही.”

दिवाळीला अजून अवकाश होता. बुधवार चार दिवसांवर होता. तिकिटाचं मी मुद्दाम काढलं नाही. काढलं असतं तर ते पुन्हा ‘बघू’ म्हणाले असते.

त्यांनी रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.

“आहे का अजून? वाढ,” ते म्हणाले. “आणि वाढायच्या आधी मीठ घाल.”